परवडणारं घर नगररचनेच्या नियमांत कुठे अडकतं?

घर परवडत नाही म्हटलं की कारणं ठरलेली असतात. जमीन महाग, सिमेंट-लोखंड महाग, बिल्डरला भरपूर नफा हवा. तिन्हीत तथ्य आहे. पण आणखी एक कारण आहे आणि त्याच्याकडे आपलं लक्ष फार कमी जातं. आपल्या शहरांत लहान, साधं घर कायदेशीरपणे बांधणं हेच मुळात अवघड होऊन बसलंय. कुठली जमीन कशासाठी ते सांगणारा विकास आराखडा आणि तिच्यावर काय, किती बांधायचं ते सांगणारी विकास नियंत्रण नियमावली, या दोन दस्तांत ते ठरतं. घर शोधणाऱ्या प्रत्येकाला हे दस्त कसे चालतात हे कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं, कारण त्यातल्या एका ओळीने हजारो घरं उभी राहतात किंवा कायमची जातात. तसं घडलेलं उदाहरण पुढे येईलच.

नकाशा आणि एक गुंठा

महाराष्ट्रात १९६६चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आहे. त्यानुसार प्रत्येक महापालिकेला विकास आराखडा करावा लागतो आणि साधारण वीस वर्षांनी तो नव्याने करावा लागतो. आराखड्याच्या नकाशात पिवळा रंग म्हणजे रहिवासी विभाग, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक आणि हिरवा म्हणजे शेती किंवा ना-विकास क्षेत्र. सातबारा तुमच्या नावावर असला तरी जमीन हिरव्या पट्ट्यात असेल तर तिथे सहसा रहिवासी इमारत बांधता येत नाही. नगररचना विभागातून झोन दाखला काढला की आपली जमीन कुठल्या रंगात आहे ते कळतं.

रंग पिवळा निघाला तरी खरी परीक्षा पुढेच असते. एक गुंठ्याचा प्लॉट घ्या. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, साधारण १० मीटर बाय १० मीटर. समजा नियम सांगतो की पुढे ३ मीटर आणि बाकीच्या तिन्ही बाजूंना दीड-दीड मीटर मोकळं सोडा. मग लांबीत उरले साडेपाच मीटर, रुंदीत सात. म्हणजे १०० चौरस मीटरच्या प्लॉटवर एका मजल्याला मिळाली ३८.५ चौरस मीटर जागा. त्यातच जिना. आता याच नियमात हजार चौरस मीटरचा प्लॉट बसवून बघा, मोकळ्या सोडायच्या जागेचं प्रमाण किती घटतं ते लगेच दिसेल. उजेड, वारा आणि आगीच्या बंबासाठी जागा हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण मोठ्या प्लॉटवर सहज पेलणारा नियम लहान प्लॉटवाल्याचा श्वास कोंडतो, आणि लहान प्लॉट घेणारा माणूस कोण असतो हे आपल्याला ठाऊक आहे.

हा माणूस मग काय करतो? तो शहराच्या कडेला शेतजमिनीचा तुकडा घेतो. व्यवहार होतो स्टॅम्पपेपरवर आणि नोटरीसमोर, कारण तुकडेबंदी कायदा २०२५ मध्ये शहरी भागांपुरता शिथिल होईपर्यंत एवढ्या लहान तुकड्याची खरेदी नोंदवताच येत नव्हती. त्यावर परवानगीशिवाय दोन खोल्या उठतात. पुढे टँकर, मग कच्चा रस्ता, मग नगरसेवकाकडे खेटे. गुंठेवारी म्हणतात ती हीच. पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, सांगली, कुठल्याही शहराच्या सीमेवर जा, अशा वस्त्या दिसतील. २००१ साली सरकारने गुंठेवारी नियमित करायला कायदा केला, आणि वीस वर्षांनी, २०२१ मध्ये, ३१ डिसेंबर २०२०पर्यंतची बांधकामं त्यात घ्यावी लागली. दोनदा मुदत द्यावी लागली याचा अर्थ मला सरळ वाटतो. या लोकांना नियम मोडायचा शौक नव्हता. त्यांच्या ऐपतीचं घर नियमात कुठे बसतच नव्हतं. त्यांनी दिलेली किंमतही विसरता येत नाही. बेकायदा घरावर बँक कर्ज देत नाही, नळजोडणी अडते आणि पाडकामाची नोटीस येईल ही धास्ती वर्षानुवर्षं मानेवर राहते.

एफएसआयचं गणित

आता ज्या शब्दावरून सगळं राजकारण चालतं तो एफएसआय, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा. एफएसआय १ असेल तर १,००० चौरस मीटरच्या प्लॉटवर सगळे मजले मिळून १,००० चौरस मीटर बांधता येतं. २ असेल तर २,०००.

मुंबईच्या १९९१च्या नियमावलीत शहर भागात १.३३ आणि उपनगरांत १ असा आकडा होता. जमिनीची एवढी टंचाई असलेल्या शहरात हा आकडा फारच कमी. आजच्या नियमावलीतही, म्हणजे २०१८ साली लागू झालेल्या आणि २०३४पर्यंतच्या आराखड्याशी जोडलेल्या नियमावलीत, मूळ आकडे तेच आहेत. बदल झाला तो वरच्या थरांत, आणि तो रस्त्याच्या रुंदीवर बांधला गेला. उपनगरात समोरचा रस्ता ९ मीटरहून अरुंद असेल तर एफएसआय १वरच थांबतो. ९ मीटरच्या रस्त्यावर तो २पर्यंत जातो आणि २७ मीटरच्या रस्त्यावर अडीचपर्यंत. पुनर्विकास आणि झोपडपट्टी योजनांचे नियम वेगळे.

मात्र हा २ सगळा फुकट मिळत नाही. त्यातला १ मालकीचा. अर्धा सरकार आणि महापालिकेला अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम, भरून घ्यायचा. उरलेला अर्धा टीडीआर म्हणून बाजारातून विकत घ्यायचा. रस्त्यासाठी किंवा बागेसाठी ज्याची जमीन गेली त्याला मोबदल्यात मिळालेला बांधकामाचा हक्क म्हणजे टीडीआर. याशिवाय ३५ टक्क्यांपर्यंत जादा क्षेत्र मिळतं, तेही पैसे भरूनच. या सगळ्याचे दर रेडी रेकनरशी, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या दरांशी, बांधलेले. म्हणजे जमीन महाग तिथे बांधायचा हक्कही महाग, आणि हा खर्च शेवटी फ्लॅटच्या किमतीत जाऊन बसतो. जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने हे अधिमूल्य वर्षअखेरपर्यंत ५० टक्क्यांनी कमी केलं. अट अशी की सवलत घेणाऱ्या विकासकाने ग्राहकाचं मुद्रांक शुल्क भरावं. प्रीमियमचा भार किती असेल याचा अंदाज त्यावरून येतो. पण पालिकांना या पैशाची सवय लागलीय, आणि माझ्या मते आपल्याकडच्या सुधारणा तिथेच अडतात. जादा बांधकाम आपण घरांची टंचाई कमी करायला देत नाही, तिजोरी भरायला विकतो.

फायदा नेमका कोणाच्या खिशात जातो

एफएसआय वाढवला की घरं स्वस्त होतात, असं सरसकट सांगितलं जातं. एक साधा हिशेब करू. आकडे समजुतीपुरते आहेत.

१,००० चौरस मीटरची जमीन १० कोटींना मिळते. एफएसआय १ असेल तर ६० चौरस मीटरचे साधारण १६ फ्लॅट होतात. जमिनीचा वाटा प्रत्येकी साडेबासष्ट लाख. एफएसआय २ केला तर ३३ फ्लॅट, आणि वाटा तीस लाखांवर येतो. कागदावर घर निम्म्या जमीनखर्चात आलं. पण जमीनमालकही वर्तमानपत्र वाचतो. नियम बदलल्याचं कळताच तो १० कोटींचे २० कोटी मागतो, आणि त्याच्याच प्लॉटला ही सवलत असेल तर त्याला ते मिळतातही. घर जिथल्या तिथे, मधला फायदा जमिनीत जिरला.

हे टाळायला दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे सवलत निवडक प्लॉटना न देता शहराच्या मोठ्या भागाला एकाच वेळी द्यायची. शेजारच्या दहा मालकांकडेही तोच हक्क असेल तर कोणालाच अडून बसता येत नाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहराने २०१६ साली हेच केलं. शहराच्या जवळपास तीन चतुर्थांश रहिवासी जमिनीवर एका बंगल्याऐवजी जोडघरं, रांगेतली घरं आणि लहान इमारती बांधायला मोकळीक दिली. पुढच्या पाच-सहा वर्षांत तिथल्या बांधकाम परवान्यांची संख्या दुपटीच्या वर गेली आणि वाढ मुख्यतः रांगेतल्या, लहान घरांत झाली. तिथे कोणाला टॉवर बांधायला सांगितलं नव्हतं. अमेरिकेतल्या मिनिआपोलिसनेही एकाच कुटुंबाच्या बंगल्यापुरत्या राखून ठेवलेल्या भागांत तीन घरांपर्यंत परवानगी दिली आणि पुढे पार्किंगची सक्ती काढून टाकली.

दुसरी गोष्ट म्हणजे जादा हक्काच्या बदल्यात काय द्यायचं हे नियमातच, आधीपासून, पक्कं लिहून ठेवायचं. जमीन घेणाऱ्याला पाचवा हिस्सा लहान घरांना द्यावा लागणार हे सौद्याच्या आधीच ठाऊक असेल, तर तो जमिनीला तेवढी कमी किंमत देतो आणि बोजा जमीनमालकावर जातो. अट मागाहून आली की तो ग्राहकावर येतो, नाहीतर प्रकल्पच रखडतो.

गिरण्यांच्या जमिनीवर काय झालं

नियमातल्या ओळीची ताकद बघायची तर लालबाग-परळला जावं. १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर तिथल्या कापड गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. मुंबईच्या मधोमध साधारण ६०० एकर जमीन मोकळी होणार होती. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाने तिचे ढोबळ मानाने तीन वाटे ठरवले: एक महापालिकेला मैदानं आणि बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला विकासासाठी. सामान्य माणसाच्या घरासाठी शहराच्या काळजात जमीन मिळवून देणारा इतका चांगला नियम आपल्याकडे क्वचितच झाला असेल.

२००१ साली नियमात फेरबदल झाला. तीन वाटे फक्त मोकळ्या जमिनीचे करायचे, असं ठरलं. गिरणीच्या शेडखाली, चिमणीखाली, गोदामाखाली असलेली जमीन मोजणीतून बाहेर गेली. शेड पाडली तरी तिची जमीन मोकळी धरायची नाही. गिरणी म्हणजे बहुतांश शेडच. वाटणीला उरलं ते आवार आणि कडेचे तुकडे. मामला न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये नागरिकांच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि २००१चा बदल कायम राहिला. आज तिथे काय उभं आहे ते लोअर परळच्या पुलावरून दिसतं.

म्हाडाने २०१२ साली गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली. अर्ज आले होते दीड लाखांच्या आसपास, आणि मिळालेली घरं त्यांच्या तुलनेत फारच थोडी. उरलेल्यांना शेलू आणि वांगणी दाखवण्यात आलं. ही गावं बदलापूरच्याही पुढे, कर्जतच्या वाटेवर. जुलै २०२५ मध्ये ऐंशीच्या घरातले कामगार आणि त्यांच्या विधवा पत्नी आझाद मैदानात त्याविरोधात बसल्या होत्या. त्यांची मागणी मुंबईत घर मिळावं एवढीच होती. आणि मुंबईतली जमीन नियमात त्यांच्यासाठी खरंच राखलेली होती, दहा वर्षं. मला या सगळ्यात सर्वात जास्त लागतं ते हे.

वीस टक्क्यांची अट

गिरण्यांचा नियम गेला तरी त्यामागचा विचार २०१३ साली वेगळ्या रूपात परत आला. दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या महापालिकांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर प्रकल्प करायचा असेल तर २० टक्के वाटा आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटाच्या घरांना द्यायचा. घरं लहान, ५० चौरस मीटरच्या आतली. किंमत बाजारभावाने ठरत नाही. बांधकामाच्या सरकारी दरावर ठरावीक टक्के वाढवून ठरते, आणि घरं म्हाडाच्या सोडतीतून जातात. पुणे, नाशिक, ठाणे परिसरातल्या सोडतीच्या जाहिरातीत ‘२० टक्के सर्वसमावेशक योजना’ असं लिहिलेलं दिसतं ती हीच. चांगल्या सोसायटीत, बाजारभावाच्या निम्म्यात घर मिळालेली माणसं मी पाहिली आहेत. योजना खरोखर चालते, हे मी खात्रीने सांगतो.

पण भोकंही आहेत. ४,००० चौरस मीटर म्हणजे जेमतेम एक एकर. उंबरठा असला की जमिनीचे तुकडे त्याच्या खाली पाडले जातात. दोन एकरांचे तीन वेगवेगळे आराखडे झाले की अट लागू होत नाही. नाशिकमध्ये तर २०२२ साली ही घरं म्हाडापर्यंत पोचलीच नाहीत असा आरोप झाला आणि विषय विधान परिषदेत गाजला. दहा लाखांची अट आणखी विचित्र. २०११च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाखांवर थांबली. कोल्हापूर, सांगली तर त्याहून खूप खाली. तिथल्या विडी कामगाराला, यंत्रमागावरच्या मजुराला, हॉटेलातल्या वेटरला परवडणारं घर नको असतं का? माझं स्पष्ट मत आहे की उंबरठा एक ठेवण्याऐवजी उतरंड हवी. मोठ्या प्रकल्पाला मोठा हिस्सा, लहानाला लहान, अगदी लहानाला त्याऐवजी थोडी रक्कम. मग तुकडे पाडून काहीच साधणार नाही.

पार्किंग, परवानगी आणि पाणी

पार्किंगबद्दल थोडक्यात. मुंबईच्या नियमावलीत ४५ चौरस मीटरपर्यंतच्या चार घरांमागे एका गाडीची जागा, आणि ९० चौरस मीटरच्या वर प्रत्येक घराला दोन. लहान घरांना सूट आहे, हे चांगलंच. पण राज्यात इतरत्र लहान प्लॉटवर गाडीची जागा काढता काढता तळमजलाच जातो. तळमजल्यावरचं घर किंवा दुकान गेलं, वर लिफ्ट आली, खर्च वाढला. स्टेशनपासून चालत पाच-दहा मिनिटांवर राहणाऱ्या आणि लोकलने कामाला जाणाऱ्या कुटुंबाने कोणत्या गाडीसाठी पैसे भरायचे? स्टेशन आणि मेट्रोच्या आसपास ही सक्ती काढून टाकायला काहीच हरकत नसावी.

परवानगीच्या बाबतीत मात्र एक खरी सुधारणा झाली आहे, तिची दखल घ्यायलाच हवी. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही अपवाद सोडून उरलेल्या राज्याला एकच नियमावली लागू झाली. यूडीसीपीआर म्हणतात ती. आधी प्रत्येक पालिकेची वेगळी, त्यामुळे शेजारच्या दोन शहरांत वेगळे नियम. नव्या नियमावलीने १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला रीतसर परवानगीची वाट बघण्यातून सोडवलं: वास्तुविशारदाने नियमात बसणारा नकाशा सादर करायचा, शुल्क भरायचं, पोच हाच परवाना. १५० ते ३०० चौरस मीटरला दहा दिवसांत निर्णय. एक-दीड गुंठ्यावर घर बांधणाऱ्याला ही मोठी गोष्ट आहे. फाइल सहा महिने पडून राहिली की तो भाडंही भरतो आणि प्लॉटच्या कर्जाचा हप्ताही. अनेकांना हा नियम माहीतच नसतो आणि मधला माणूस ‘परवानगी काढून देतो’ म्हणून पैसे घेतो, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

आता दाटीचा आक्षेप. आधीच शहरं तुंबली आहेत, आणखी घरं कुठे घुसवणार? हा प्रश्न रास्त आहे. नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक, अभियंता-नियोजनकार शिरीष पटेल, आयुष्यभर हेच विचारत राहिले: एफएसआयचा आकडा वाढवताना रस्त्यावर, बागेत आणि घरातल्या खोलीत दर माणशी किती जागा उरते ते कोण मोजणार? न्यूयॉर्कचा एफएसआय मुंबईच्या कितीतरी पट, असं सांगितलं जातं. पण तिथे माणशी घर मोठं, रस्ता रुंद, शाळा आणि बागा आधीपासून आहेत. मुंबईत एका खोलीत पाच-सहा माणसं राहतात. म्हणून वाढीव बांधकाम जिथे स्टेशन, पाणी आणि मलवाहिन्या आहेत तिथे आधी द्यावं, आणि त्यातून येणारा पैसा त्याच प्रभागातल्या जलवाहिनीवर खर्च व्हावा. २०१८ साली मुंबईच्या आराखड्यासोबत दहा लाख परवडणाऱ्या घरांची घोषणा झाली, आणि त्यासाठी ना-विकास क्षेत्रातली जमीन व मिठागरं दाखवण्यात आली. त्या आकड्याच्या जवळपासही आपण पोचलेलो नाही. मिठागरं सखल आहेत, पावसाचं आणि भरतीचं पाणी धरतात. गरिबाला घर द्यायचं तर ते पाणी साचणाऱ्या जमिनीवरच का? स्टेशनाशेजारी अर्धी रिकामी पडलेली सरकारी आवारं आधी बघा.

हरकत नोंदवता येते

आराखड्यात किंवा नियमावलीत बदल करायचा तर सरकारला गुपचूप करता येत नाही. कायद्याच्या ३७व्या कलमाखालचा फेरबदल असेल तर राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना येते आणि हरकती-सूचनांसाठी एक महिना मिळतो. २०१५ साली मुंबईच्या आराखड्याच्या मसुद्यात काही भागांत एफएसआय ८पर्यंत नेण्याचा प्रस्ताव होता आणि नकाशात ढीगभर चुका होत्या. लोकांनी हजारो हरकती दिल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा नव्याने करायला सांगितला. आपण मात्र हरकती बहुतेक वेळा नको असलेल्या गोष्टींसाठीच देतो: टॉवर नको, झोपडपट्टीचं पुनर्वसन शेजारी नको. आपल्या वॉर्डात लहान घरं हवीत, अशा सूचनाही त्याच खिडकीवर देता येतात.

सूचना लिहिताना भावनेपेक्षा तपशील कामाला येतो. सर्व्हे नंबर किंवा सीटीएस नंबर (नगर भूमापन क्रमांक), रस्त्याची रुंदी, नियमाचा क्रमांक, आणि कुठला शब्द बदलून काय करावं ते. ‘मोकळी जमीन’ असे दोन शब्द दिसले तर त्यांची व्याख्या कुठे दिली आहे ते आधी शोधा. ‘परवडणारी घरं’ लिहिलेलं असेल तर किती चौरस मीटरची, कोणाला आणि कोणत्या दराने, हे त्याच परिच्छेदात आहे का ते बघा. नसेल तर तीच तुमची पहिली सूचना. सुनावणीला बोलावलं तर जा. पोच घेतलेली प्रत सोबत ठेवा.